लक्ष निविदेवर, नुकसान करारात

मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात ठाण्यातल्या दोन कामांची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात चालली होती. घोडबंदर ते भाईंदर जुळा बोगदा आणि वसई खाडीवरून जाणारा उन्नत मार्ग, मिळून सुमारे १४ हजार कोटींची ही कामं. तांत्रिक छाननीत काय झालं ते आपल्याला वेळेवर कळवलंच नाही, अशी तक्रार घेऊन एल अँड टी आधी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथे याचिका फेटाळली गेल्यावर कंपनीने दिल्ली गाठली. आपली बोली प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन हजार कोटींहून अधिक कमी होती, असा तिचा दावा होता. अखेर ३० मे रोजी निविदा काढणाऱ्या एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) व्यापक जनहिताचं कारण देत दोन्ही निविदा रद्द करत असल्याचं न्यायालयाला सांगितलं.

त्या आठवड्यात सगळीकडे चर्चा होती ती काम कोणाला मिळणार होतं आणि किती कोटींचा फरक होता याची. पण न्यायालयात ज्यावर बराच खल झाला तो मुद्दा निविदेच्या अटींमधला होता. बाद झालेल्या बोलीदाराला तो बाद झाल्याचं कधी कळवायचं? छाननी संपल्याबरोबर, की काम दुसऱ्याच्या नावावर झाल्यानंतर? एवढ्या मोठ्या कामाच्या कागदात या प्रश्नाचं उत्तर असं लिहिलेलं असायला हवं होतं की त्यावर कोर्टाची पायरी चढायची वेळच येऊ नये. तसं झालं असतं तर सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करण्याची पाळी कदाचित आलीही नसती.

सार्वजनिक कामांवर आपण जी नजर ठेवतो ती बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी ठेवतो, असं मला वाटतं. निविदा उघडली, सर्वात कमी दर भरून एल-वन कोण आला, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के बिलो गेला, यावर बातम्या होतात, विरोधक पत्रकार परिषद घेतात, माहिती अधिकाराचे अर्ज पडतात. पैसा आणि काम मात्र हातातून निसटतं ते त्याच्या बरंच आधी, कराराचा मसुदा लिहिला जातो तेव्हा. त्या मसुद्याकडे ना नगरसेवकांचं लक्ष असतं, ना पत्रकारांचं, ना आम्हा रहिवाशांचं. म्हणून माझी मागणी साधी आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी कराराचा मसुदा निविदेच्या आधी गांभीर्याने लिहावा, तो लोकांसमोर ठेवावा आणि सही झालेला करार सगळ्या जोडपत्रांसह संकेतस्थळावर टाकावा.

निविदांचे कागद वाचणं आणि तयार करणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे मसुदा कसा तयार होतो ते जवळून दिसतं. अंदाजपत्रक तयार व्हायला वेळ लागतो. दरसूची बघून बाबी बसवायच्या, प्रशासकीय मान्यता घ्यायची, तांत्रिक मान्यता घ्यायची. तोवर मार्च जवळ येतो किंवा आचारसंहितेची कुणकुण लागते आणि फाइल लवकर पुढे ढकलायचा रेटा सुरू होतो. मग मागच्या वर्षीच्या निविदेची फाइल उघडतात, कामाचं नाव, रक्कम आणि तारखा बदलतात आणि अटी-शर्तींची चाळीस-पन्नास पानं आहेत तशीच पुढे जातात. विधी विभागाकडे हा कागद मसुदा म्हणून क्वचितच जातो. तो तिथे पोहोचतो तो ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आल्यावर.

एका कार्यालयाच्या इमारतींच्या साफसफाईचं टेंडर एकदा माझ्याकडे तपासायला आलं. झाडलोट, फरशी पुसणं, स्वच्छतागृहं, एवढंच काम. अटींमध्ये मात्र सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून किती उंचीवर रचाव्यात आणि काँक्रीटच्या क्यूबची चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत करावी, हे तपशीलवार होतं. बांधकामाचा साचा उचलून सेवेच्या कामाला लावला होता. स्वच्छतागृह दिवसातून किती वेळा धुवायचं, हे मात्र त्या सगळ्या पानांत कुठेच नव्हतं. ‘परिसर सदैव स्वच्छ ठेवणे ठेकेदारावर बंधनकारक राहील’, एवढं एक वाक्य होतं. अशा वाक्याच्या जोरावर तुम्ही एक रुपयाही कापू शकत नाही, कारण ‘स्वच्छ’ म्हणजे काय ते ठरलेलं नाही आणि ते कोणी बघायचं तेही ठरलेलं नाही.

तळावपाळीजवळचं असो, वाशी स्टेशनबाहेरचं असो की एखाद्या वस्तीतलं असो, सार्वजनिक शौचालयाचा करार कसा लिहावा? दिवसातून किती वेळा धुलाई आणि कोणकोणत्या वेळी, ते लिहायचं. पाणी बंद पडलं तर किती तासांत पर्यायी व्यवस्था करायची, आतल्या कड्या आणि दिवे तुटले तर किती दिवसांत बदलायचे, तेही लिहायचं. महिलांच्या बाजूला महिला कामगार कोणत्या वेळेत हजर असली पाहिजे, तक्रार कुठे नोंदवायची, ती नोंद ठेकेदाराच्या नव्हे तर पालिकेच्या हातात कशी राहील, आणि यातलं एकेक चुकलं की मासिक देयकातून नेमकी किती रक्कम वजा होईल, हे सगळं आधी ठरवायचं. एवढं लिहायला दोन पानं पुरतात. ही दोन पानं लिहिली नाहीत तर तीन वर्षं त्या शौचालयात नाक मुठीत धरून जाणाऱ्या बाईला दाद मागायला जागाच उरत नाही. ती तक्रार करते, स्वच्छता निरीक्षक ठेकेदाराला फोन करतो, दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिलेच पाढे.

पैसे कोणत्या मापाने द्यायचे, हा तर मसुद्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. नालेसफाईचं बघा. काढलेल्या गाळाच्या वजनावर पैसे मिळणार असतील तर ठेकेदाराचं सगळं लक्ष वजनावर राहणार. ओला गाळ, सोबत आलेलं डेब्रिज, काठावरची माती, सगळं काट्यावर चढणार. २०१५ साली मुंबईतला नालेसफाईचा घोटाळा गाजला तेव्हा गाळाचे आकडे आणि वाहतुकीच्या नोंदी हाच चौकशीचा विषय होता. त्यानंतर वजनकाटे, फोटो, व्हिडिओ, वाहनांवर जीपीएस असे पहारे वाढत गेले. पहारे हवेतच, पण मुळात नागरिकाला गाळाचं वजन नको असतं, नाल्यातून पाणी वाहायला हवं असतं. म्हणून नाल्याचा तळ सफाईआधी कुठे होता आणि नंतर कुठे आला, याची ठरावीक अंतरांवर पातळी मोजून त्यावर देयक बांधलं, आणि पावसाळाभर ती पातळी राखण्याची जबाबदारी करारातच घातली, तर ठेकेदाराचं हित आणि रहिवाशांचं हित एका दिशेला येतं. नवी मुंबईचे बरेच नोड खाडी बुजवून वसवलेले आहेत. तिथे भरतीच्या वेळी पाणी साठवणारे होल्डिंग पाँड आहेत आणि भरतीचं पाणी पावसाच्या पाण्याला उलटं ढकलतं. तिथे वजनाचं माप तर आणखीच कमी उपयोगाचं. मापाचं हे एक वाक्य लिहिताना अभियंत्याने जेवढा विचार केला असेल, तेवढंच काम पुढे होतं.

रस्त्यांच्या दोषदायित्व कालावधीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ठाणेकरांचा सगळ्यात जास्त संताप इथे होतो. नवा रस्ता झाला, ठेकेदाराने तीन किंवा पाच वर्षं तो राखायचा, अशी अट असते. वर्ष उलटत नाही तोच महानगर गॅसची पाइपलाइन, महावितरणची केबल किंवा कुठल्यातरी कंपनीची इंटरनेटची वायर टाकायला कोणीतरी त्याच रस्त्यात चर खणतो. चर बुजवतात, त्यावर थातुरमातुर खडी-डांबर दाबतात आणि पहिल्या पावसात तिथे खड्डा पडतो. पालिका रस्त्याच्या ठेकेदाराला पत्र पाठवते. तो उत्तर देतो, “रस्ता तिसऱ्याने खोदला, आता माझी जबाबदारी संपली.” चर खणणारी संस्था म्हणते, पुनर्भरणाचे पैसे आम्ही पालिकेकडे आधीच भरले आहेत. आता कोणाला धरणार? करारात या प्रसंगाविषयी एक अक्षरही नसेल तर ठेकेदाराचं म्हणणं खोडून काढणं अवघड असतं. आणि असा प्रसंग काही अपवादाने येत नाही, आपल्या शहरांत तो जवळजवळ प्रत्येक रस्त्यावर येतो. मग तो करारात का नसावा?

त्याचा मसुदा अवघड नाही. दोषदायित्व काळात कोणालाही खोदकामाची परवानगी दिली तर पालिका रस्त्याच्या ठेकेदाराला ठरलेल्या दिवसांत लेखी कळवेल. खोदण्याआधी आणि बुजवल्यावर तिघांची संयुक्त पाहणी होईल, फोटो काढले जातील. चर बुजवण्याचं काम रस्त्याचा मूळ ठेकेदारच करेल. त्याचा दर निविदेतच मागवलेला असेल आणि पैसे खोदणाऱ्या संस्थेच्या ठेवीतून दिले जातील. या अटींवर त्या जागेसकट अख्ख्या रस्त्याची जबाबदारी मूळ ठेकेदाराकडेच राहील. पाच-सहा वाक्यांचा हा मजकूर आहे. तो लिहिलेला असला तर कासारवडवलीच्या किंवा वर्तकनगरच्या माणसाला “हा खड्डा कोणाचा” हा प्रश्न विचारत या टेबलावरून त्या टेबलावर फिरावं लागणार नाही.

दंडाच्या कलमांमध्ये तर कागदाचा जोर आणि कायद्याचा जोर यांचा मेळच बसलेला नसतो. ‘विलंब झाल्यास आयुक्त योग्य वाटेल तो दंड आकारतील’ हे वाक्य वाचायला कडक वाटतं. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवी तेवढीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात स्पष्ट केलं की नुकसानच झालं नसेल तर बयाणा जप्त करून भरपाई म्हणून ठेवता येत नाही. म्हणजे विलंबाने पालिकेचं काय नुकसान होतं, याचा विचार आधी करून रकमेला आधार द्यायला हवा. जुन्या ठेकेदाराला किती महिने वाढवून पैसे द्यावे लागतात, टँकरवर किती खर्च होतो, वाहतूक वळवायला किती लागतो, हे आधी मांडलेलं असेल तर दंड टिकतो. नुसता मोठा आकडा टाकला तर तो लवादापुढे गळून पडतो.

त्याच कायद्यातलं कलम ५५ तर आपल्या कार्यालयांत फारसं कोणी उघडून बघत नाही. मुदत संपल्यावर उशिराने केलेलं काम तुम्ही स्वीकारलंत आणि त्याच वेळी ‘भरपाई मागण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत’ असं कळवलं नाहीत, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. आपल्याकडे मुदतवाढ कशी दिली जाते? ठेकेदाराचा अर्ज येतो, “पावसाळा, साहित्याची टंचाई व इतर अपरिहार्य कारणे” असा शेरा मारला जातो आणि सही होते. हक्क राखून ठेवण्याचं वाक्य त्या पत्रात अनेकदा नसतंच. तीन वेळा अशी पत्रं गेली की विलंबाचा मुद्दा पालिकेने स्वतःच्या हाताने सोडून दिलेला असतो. मुदतवाढीच्या पत्राचा नमुनाच कराराला जोडून ठेवला तर कनिष्ठ अभियंत्याला कायदा पाठ असण्याची गरज उरत नाही.

जुन्या साच्यात वादाचा निर्णय पालिकेचाच वरिष्ठ अधिकारी देईल किंवा लवाद पालिकाच नेमेल, अशी कलमं अजून सापडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सार्वजनिक आणि खासगी पक्षांमधल्या करारात असा एकतर्फी लवाद नेमणं समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवलं आहे. ही कलमं काढून टाकायला एक दुपार पुरे.

करार एकतर्फी कडक असला म्हणजे पालिकेचं हित साधलं, हा समज मला घातक वाटतो. ‘देयक निधीच्या उपलब्धतेनुसार अदा केले जाईल’ हे वाक्य घ्या. २०२५ मध्ये राज्यभरातले ठेकेदार थकलेल्या देयकांसाठी रस्त्यावर उतरले होते. पैसे कधी मिळतील याचा भरवसा नसेल तर प्रामाणिक ठेकेदार दोनच गोष्टी करू शकतो: व्याजाचा बोजा धरून दर वाढवतो किंवा निविदाच भरत नाही. मागे राहतात ते ज्यांना देयक कसं सोडवून घ्यायचं हे माहीत असतं. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये कामाच्या देयकाची ७५ टक्के रक्कम दहा कामकाजी दिवसांत द्यावी असं सांगितलं आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना ४५ दिवसांत पैसे न दिल्यास चक्रवाढ व्याज लागतं, ते २००६ च्या एमएसएमई कायद्याने, बँक दराच्या तिप्पट. मग करारात तारीख लिहायला पालिकांनी का कचरावं? तारीख लिहिली की ठेकेदारावरही तेवढ्याच हक्काने दर्जाची अट लादता येते.

जोखीम कोणाची, हेही तसंच. जमिनीखाली काय आहे हे ठाण्यात कोणालाच पुरतं ठाऊक नसतं. मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या याच शहरातून जातात, शिवाय गॅस, वीज, मलनिस्सारण, दूरध्वनी आहेच. ‘भूमिगत सेवावाहिन्यांची सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ असं लिहिलं म्हणजे जोखीम संपत नाही. ती दरात शिरते, नाहीतर काम अर्ध्यावर अडकल्यावर वादात बाहेर येते. आधी सर्वेक्षण करून नकाशा निविदेला जोडावा आणि नकाशाबाहेर काही निघालं तर किती दिवस आणि कोणत्या दराने वाढवून द्यायचं, ते लिहावं. जागा मोकळी नसताना, अतिक्रमण हटलेलं नसताना, झाडं तोडण्याची परवानगी आलेली नसताना कार्यादेश देऊ नये. उशिराची पहिली तारीख बहुतेक वेळा पालिकेच्याच बाजूने चुकते आणि मग ठेकेदाराच्या प्रत्येक उशिराला आयतं कारण मिळतं.

माणसांच्या करारांबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, पंप चालवणारे, बागा राखणारे, दोन्ही शहरांत ही कामं मोठ्या प्रमाणावर कंत्राटी कामगार करतात. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. तीन किंवा पाच वर्षांच्या करारात दर गोठवलेला असेल आणि भत्ता वाढल्यावर फरक कोण देणार हे लिहिलेलं नसेल, तर तो फरक शेवटी कामगाराच्याच पगारातून निघतो. पगारपत्रकावर एक आकडा, हातात दुसरा. भविष्य निर्वाह निधीचा भरणा थकतो. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे पालिकेवर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितलं आणि नव्या कामगार संहितेतही ते तत्त्व राहिलं आहे. म्हणजे पालिकेची सुटकाही होत नाही. कामगार गेटवर बसतात, कचरा पडून राहतो, मग घाईघाईने काहीतरी तोडगा निघतो. त्यापेक्षा मसुद्यात मजुरीचा भाग वेगळा दाखवावा. भत्ता वाढला की तेवढाच भाग आपोआप वाढावा, ठेकेदाराचा नफा मात्र वाढू नये. आणि दर महिन्याचं देयक कामगारांच्या बँक खात्यात वेतन जमा झाल्याचा आणि निधी भरल्याचा पुरावा बघूनच निघावं. मजुरी हा तुलनेचा विषयच राहिला नाही, तर कामगाराच्या पोटाला चिमटा काढून कोणाला एल-वन होता येणार नाही.

एवढं सगळं लिहिलं तर छोटे ठेकेदार घाबरतील, असा आक्षेप मी अनेकदा ऐकतो. माझा अनुभव उलटा आहे. छोट्या ठेकेदाराला भीती वाटते ती मोघम अटीची, कारण मोघम अटीचा अर्थ लावण्याची ताकद नेहमी दुसऱ्याच्या हातात असते. मोठ्या कंपनीकडे वकील असतो, ओळखी असतात. छोट्याकडे फक्त कागद असतो. काय करायचं, कसं मोजणार, पैसे कधी मिळणार, हे स्पष्ट लिहिलं तर तो दर नीट काढू शकतो. अंदाजपत्रकापेक्षा २५-३० टक्के बिलो भरून काम घेणाऱ्यांचं बळही याच मोघमपणात असतं. कमी दराचा खड्डा पुढे एक्स्ट्रा आयटम, वाढीव परिमाणं आणि ढिल्या मोजमापातून भरून काढता येईल, या हिशोबाने तो दर भरलेला असतो. मसुदा घट्ट असला की हा हिशोब जमत नाही.

वेळेचा आक्षेप खरा आहे, तो मी झटकत नाही. मसुद्याला महिना-दीड महिना जास्त लागेल. पण प्रत्येक कामाला लागणार नाही. रस्ता, नाला, शौचालय, उद्यान, मनुष्यबळ, पंपिंग, दिवाबत्ती, अशी पालिकेची कामं ठरलेल्या प्रकारांत बसतात. प्रत्येक प्रकाराचा एक चांगला नमुना करार एकदाच बसून तयार केला तर नंतर फक्त कामापुरते बदल करायचे. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांमध्ये, २०१७ च्या नियम २२५ मध्ये, हेच सांगितलं आहे: अटी नेमक्या आणि निःसंदिग्ध असाव्यात, शक्य तिथे प्रमाण नमुना वापरावा, नमुना नसेल तर मसुदा करतानाच विधी आणि वित्त सल्ला घ्यावा. हा सल्ला मसुदा करताना घ्यायचा आहे, भांडण झाल्यावर नव्हे. आणि नमुना करायला बसेल त्या टेबलावर प्रभाग समितीचा कनिष्ठ अभियंता आणि स्वच्छता निरीक्षकही हवा, कारण तो करार पुढची तीन वर्षं त्यालाच राबवायचा असतो.

“नियत खराब असेल तर कागद काय करणार,” असंही म्हणतात. मला हे पटत नाही. कागद नीट असला की चांगल्या अधिकाऱ्याच्या हातात हत्यार येतं आणि वाईट अधिकाऱ्याला ढिलाई करण्यासाठी लेखी काहीतरी करावं लागतं. ते लेखी नंतर सापडतं. मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाच्या निविदेवरून झालेल्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हेच तत्त्व घालून दिलं: सार्वजनिक संस्थेने पात्रतेची जी अट जाहीर केली, ती तिच्यावरही बंधनकारक आहे, आयत्या वेळी ती बाजूला ठेवता येत नाही. आज कोणीही निविदेला आव्हान देतो तेव्हा या निकालाचा आधार घेतो. एका उपाहारगृहाच्या जाहिरातीत लिहिलेल्या ओळीतून एवढं मोठं संरक्षण उभं राहिलं.

आता लोकांसमोर ठेवण्याबद्दल. महाटेंडर्स या राज्याच्या निविदा संकेतस्थळावर निविदा दिसते, पण मुदत संपली की सामान्य माणसाला ती शोधता येत नाही. करार तर दिसतच नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ माहिती आपणहून जाहीर करायला सांगतं. केंद्राच्या कार्मिक विभागाने एप्रिल २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झालेल्या कामांचे करार, दर आणि रकमाही त्यात धरल्या. मग महापालिकेचा करार मिळवायला नागरिकाने अर्ज, अपील, दुसरं अपील का करावं? व्यापारी गुपिताचं कारण सांगितलं जातं. रस्त्याची जाडी, कचऱ्याच्या फेऱ्या, दोषदायित्व संपण्याची तारीख, यात कसलं गुपित? जे काही थोडं असेल ते झाकून बाकीचा करार खुला करता येतो. करार हातात आला तर सोसायटीचे सचिव, व्यापारी संघ, निवृत्त अभियंते स्वतःच मोजमाप बघू लागतील. दोन्ही शहरांत असे जाणते लोक भरपूर आहेत आणि त्यांची आठवण आपण फक्त मतदार म्हणून ठेवतो. प्रत्येक रस्त्याच्या दोषदायित्वाची तारीख आणि ठेकेदार दाखवणारा नकाशा पालिकेच्या संकेतस्थळावर असला तर त्याच रस्त्यावर पालिकेच्या पैशाने पुन्हा डांबर टाकण्याचा प्रस्ताव आणताना कोणालाही दोनदा विचार करावा लागेल.

नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून महापालिकांत लोकप्रतिनिधी नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे ठरावीक रकमेच्या मर्यादेपुढच्या करारांना स्थायी समितीची मंजुरी लागते, तीही या काळात प्रशासकाच्याच सहीने मिळत होती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर दोन्हीकडे नगरसेवक परत आले आहेत. स्थायी समितीपुढे प्रस्ताव येतो तेव्हा गोषवाऱ्यात कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, बोलीदारांचा तक्ता आणि किती टक्के कमी-जास्त, एवढं असतं. सदस्य त्यावरच बोलतात, कारण समोर तेवढंच असतं. पहिल्याच वर्षात त्यांनी असा ठराव करून घ्यावा की कराराचा पूर्ण मसुदा, विधी आणि लेखा विभागाच्या अभिप्रायासह, प्रस्तावासोबत आणि बैठकीच्या किमान आठवडाभर आधी मिळाल्याशिवाय कोणताही प्रस्ताव विषयपत्रिकेवर घेतला जाणार नाही. मग प्रत्येक सदस्याने आपल्या प्रभागातल्या कामाच्या मसुद्यात चार गोष्टी शोधाव्यात: काम कशाने मोजणार, पैसे किती दिवसांत देणार, चुकलं तर देयकातून किती कापणार, आणि पालिकेच्या बाजूने या कराराला जबाबदार असलेल्या अभियंत्याचं नाव काय.